मीटर आणि मस्टर

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या एखाद्या शेडमध्ये शिरून पाहावे. वर पत्र्याचे छप्पर, आत चोवीस माग, दोन रांगांमधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट, आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलायचे तर तोंड त्याच्या कानाला लावावे लागते. दाराजवळच्या भिंतीवर मात्र एक शांत जागा असते. तिथे विजेची तीन मीटरे ओळीने बसवलेली असतात. एक मालकाच्या नावावर, दुसरे त्याच्या बायकोच्या, तिसरे पुतण्याच्या. शेड एक, छप्पर एक, पगार वाटणारा हात एक. कागदावर मात्र कारखाने तीन आणि प्रत्येक कारखान्यात चार-चार माणसे. भिवंडीत वावरलेल्या कार्यकर्त्याला ही भिंत नवी नाही.

मी त्या भिंतीकडे नीट पाहिले ते एका अपघातानंतर. संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्याखाली मागावरून उडालेला धोटा लागला. डोळा वाचला. दवाखान्यातल्या कागदावर एक रकाना होता : कारखान्याचे नाव. त्याला नाव सांगता येईना. नऊ वर्षे तो त्या शेडमध्ये उभा होता. त्याला 'सेठ' माहीत होता, मुकादम माहीत होता, आपले सहा माग माहीत होते. नाव विचारायला मी शेडवर गेलो. मुकादमाने भिंतीवरच्या तीन मीटरांकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "मास्टरजी, कोई भी एक लिख दो." तो चेष्टा करीत नव्हता. त्याच्या दृष्टीने तिन्ही उत्तरे सारखीच खरी होती. रकाना त्या दिवशी रिकामा राहिला. सुशासन आणि शाश्वत विकास या विषयावर लिहावयास बसलो तेव्हा तोच रिकामा रकाना समोर आला, म्हणून विवेचनाची सुरुवात तेथूनच करतो.

हे दोन्ही शब्द आपल्याकडे बाहेरून आले. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे मांडली : आजच्या पिढीने आपली गरज भागवताना उद्याच्या पिढीचा घास काढून घेऊ नये. आफ्रिकेतील देशांचे दारिद्र्य का हटत नाही याचे उत्तर शोधताना जागतिक बँकेने १९८९ साली तिथल्या कारभाराकडे बोट दाखवले, आणि तेव्हापासून 'सुशासन' हा शब्द कर्जांच्या अटींतून, अहवालांतून, मंत्र्यांच्या भाषणांतून फिरू लागला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या सतरा उद्दिष्टांत आठवे सन्मानाच्या कामाचे आहे आणि सोळावे न्याय्य व जबाबदार संस्थांचे. या शब्दांशी आपले वैर असण्याचे कारण नाही. पारदर्शकता, उत्तरदायित्व, कायद्याचे राज्य ही तर ज्यांना या देशात शतकानुशतके कायद्याच्या बाहेर ठेवले गेले त्यांचीच मागणी आहे. आपला प्रश्न निराळा आहे. शासन चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ते कोणाची मोजदाद ठेवते आणि कोणाची ठेवत नाही, हे पाहिले पाहिजे.

हा प्रश्न आपल्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा सरकारी दप्तरात होताच. त्याच्या वतनाची नोंद होती, त्याच्याकडून घ्यावयाच्या कामाचीही होती. नव्हती ती कामाच्या तासांची. दिवसाच्या वा रात्रीच्या कोणत्याही घटकेला हुकूम आला की त्याने निघावयाचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यामागे हीच वेदना होती. म्हणजे नोंद असणे एवढ्यानेच भागत नाही. कोणत्या बाजूने नोंद ठेवली आहे हेही विचारावे लागते.

आता भिवंडीच्या सुशासनाची जी गोष्ट देशभर सांगितली जाते तिच्याकडे वळू. २००३ च्या वीज कायद्याने वितरणाचे काम फ्रँचायझीकडे, म्हणजे ठेक्याने, सोपवण्याची वाट मोकळी केली. २००५ साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि वितरण 'महावितरण'कडे आले. त्या वेळी भिवंडीतली वीजहानी, म्हणजे तारांतली गळती, चोरी आणि न भरलेली बिले मिळून, सुमारे ५८ टक्के होती. शंभर रुपयांची वीज गावात शिरे आणि बेचाळीस रुपये परत येत. रोहित्रे जळत, भारनियमन तासन्‌तास चाले, आकडे टाकलेल्या तारा उघड्यावर लोंबत. २६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीचे वितरण टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे दहा वर्षांच्या कराराने गेले. वीज महावितरणची, दर आयोगाने ठरवलेले; कंपनीने ठरल्या भावाने वीज घ्यायची, घरोघर आणि शेडोशेड पोचवायची आणि वसुली करायची. काही वर्षांतच हानी वीस टक्क्यांच्या आसपास आली. नवी मीटरे बसली, रोहित्रे बदलली, दिवे टिकू लागले. देशातला हा असा पहिला मोठा प्रयोग म्हणून त्याचे दाखले दिले गेले, इतर शहरांतही त्याचे अनुकरण झाले. वाढीव बिलांविरुद्ध, चोरीच्या खटल्यांविरुद्ध भिवंडीत मोर्चेही निघाले. तरीही करार आणखी दहा वर्षांसाठी वाढला.

या प्रयोगाला सरसकट शिव्या देणे सोपे आहे. मी ते करणार नाही. मागावरच्या कामगाराला मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. वीज गेली की माग थांबतो आणि त्याबरोबर त्याची कमाईही. भारनियमनाच्या काळात शेडच्या दारात बसून, वीज येण्याची वाट पाहत अर्धी पाळी घालवलेले कामगार मला ठाऊक आहेत. तेव्हा वीज नियमित झाली यात त्याचाही लाभ आहे. बाबासाहेबांनी तर १९४३ साली मजूरमंत्री या नात्याने वीज धोरण समितीचे अध्यक्षपद सांभाळताना विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला होता. वीज स्वस्त व मुबलक असावी, ती सरकारने निर्माण करावी, कारण तिच्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. पण त्याच मंत्र्याने, त्याच कारकिर्दीत, कामाचे तासही धरून ठेवले होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. वीज आणि आठ तास या त्यांच्या दृष्टीने दोन खात्यांच्या दोन फायली नव्हत्या. भिवंडीत त्यांपैकी वीज अखंड झाली. पाळी मात्र बारा तासांचीच राहिली.

असे का झाले ते समजण्यासाठी त्या तीन मीटरांकडे परत जावे लागते. १९४८ च्या कारखाना कायद्यात कारखाना म्हणजे विजेवर चालणारी आणि दहा वा अधिक कामगार असलेली जागा. दहा झाले की कायदा आत येतो : तास, साप्ताहिक सुट्टी, हजेरीपट, भरपगारी रजा, निरीक्षक. नऊ असतील तर दाराबाहेर थांबतो. राज्य विमा योजनेलाही साधारण दहा, ग्रॅच्युइटीला दहा, भविष्यनिर्वाह निधीला वीस. आता कामगार कायद्यांच्या चार संहिता झाल्या आहेत; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या अमलात आल्या. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा वीस झाली आहे. म्हणजे उंबरठा होता तिथून आणखी वर गेला. जुन्या कायद्यात पंच्याऐंशीवे कलम होते. त्यान्वये कामगारांची संख्या कितीही असली तरी एखाद्या जागेला कारखाना म्हणून जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारला होता. किल्ली अशी कायद्याच्याच खिशात होती. किमान वेतनाचे तर संख्येशी नातेच नाही. एक माणूस कामाला असला तरी ते लागू. पण किमान वेतन मागायचे कोणाकडे, तर मालकाकडे. आणि मालक कोण, तर 'कोई भी एक लिख दो'.

चोवीस मागांच्या शेडमध्ये दोन पाळ्यांचे मिळून आठ विणकर, शिवाय कांडी भरणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर, मुकादम, कापड तपासून घड्या घालणारा, अशी बारा माणसे सहज होतात. बाराला तीनने भागले की चार. हा भागाकार मीटर करते. विजेची जोडणी ज्याच्या नावावर त्याचा कारखाना, असा पुरावा तयार होतो. मीटर इथे फक्त वीज मोजत नाही, ते कामगारांची संख्या कमी करून दाखवते.

आणि शासनाची नजर किती बारीक असू शकते तेही पाहा. यंत्रमागाला विजेच्या दरात सवलत आहे, आणि ती देताना २७ अश्वशक्तीच्या आतले आणि २७ अश्वशक्तीच्या वरचे असा भेद केला जातो. शासनाला मोटारीची ताकद ठाऊक आहे. केंद्र सरकारने २०१३ साली देशातल्या यंत्रमागांची पाहणी केली, तिच्यात मागांचा प्रकार, वय, रुंदी यांचा हिशेब झाला. देशातले निम्म्याच्या आसपास माग महाराष्ट्रात आहेत हे आपण सांगू शकतो ते मागांच्या मोजणीमुळेच. शेडमध्येही मोजमाप काटेकोर असते. सूत किलोवर येते, वीज युनिटवर, कापड मीटरवर जाते. दोष निघाला तर तो मीटरमागे कापला जातो. या सगळ्या मोजमापात बारा तास उभ्या असलेल्या माणसाची नोंद मुकादमाच्या खिशातल्या वहीत असते. पंधरवड्याचा हिशेब झाला की त्या पानाचे काम संपते.

हा माणूस कोण? आज तो बहुतांशी पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला आहे. मोमिन-अन्सारी, पद्मशाली, आणि अलीकडे दलित व अतिमागास जातींतलाही. दलित वाचकाला मागाचा इतिहास आणखी एका कारणाने ठाऊक असावा. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते हे चांगल्या मजुरीचे खाते होते आणि अस्पृश्य कामगारांना ते बंद होते. कारण धोट्यात नवी कांडी घातली की तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून ओठांनी ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तो वर्गलढ्यात फूट पाडण्यासाठी नव्हे. विणकाम खात्याच्या दारावरची जात न पाहता कामगारांची एकजूट म्हणणे ही फसवणूक आहे म्हणून. आज भिवंडीच्या मागावर दलित तरुण उभा राहू शकतो. दार उघडले तेव्हा आतला हजेरीपट नाहीसा झालेला होता, हा या कथेचा पुढचा भाग.

तो भाग १९८२ चा. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. गिरणगावातले भोंगे थांबले. कापड थांबले नाही. संपाच्या काळात गिरणीमालकांनी भिवंडीच्या मागांवर कापड विणून घेतले. पुढे गिरण्यांतून भंगारात निघालेले मागही येऊन इथल्या शेडमध्ये बसले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना एकाच पातळीवर आणले. माग तोच, कापड तेच, अनेकदा व्यापारीही तोच. लालबाग-परळमधून भिवंडीपर्यंतच्या प्रवासात एकच वस्तू मागे राहिली, ती म्हणजे मस्टर.

मस्टरची किंमत काय, ते पुढे तीस वर्षांनी कळले. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे द्यायचे ठरले तेव्हा अट होती की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर अर्जदार गिरणीच्या पटावर असला पाहिजे. तिकीट नंबर, हजेरीपत्रक, विम्याचे कार्ड, निधीचा उतारा, जे असेल ते आणा. दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. म्हाडाच्या सोडतींत घरे मिळाली ती त्यांतल्या थोड्यांनाच, आणि ज्यांना मिळाली नाहीत त्यांचे लढे अजून चालू आहेत. पण लढता तरी आले. हरलेल्या, उद्ध्वस्त झालेल्या, गावी परतलेल्या त्या कामगाराच्या पत्र्याच्या पेटीत एक पितळी बिल्ला किंवा विटलेले कार्ड होते, आणि त्याच्या बळावर त्याची विधवा, त्याचा मुलगा सरकारच्या दारात उभा राहू शकला. भिवंडीत तीस वर्षे विणलेल्या माणसाच्या पेटीत काय असेल?

हा प्रश्न आता उद्याचा राहिलेला नाही. नोटाबंदी, वस्तू व सेवा कर, सुताचे चढे भाव, सुरत-इचलकरंजीतले धोट्याशिवायचे वेगवान माग, यांमुळे भिवंडीचे जुने माग किलोच्या भावाने भंगारात चालले आहेत आणि शेडची गोदामे होत आहेत. शहराबाहेर, मुंबई-नाशिक रस्त्यालगत, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे या गावांच्या भातशेतीवर आणि खाडीकाठच्या जमिनीवर गोदामे आधीच उभी राहिली होती. मुंबईच्या जकातीबाहेर माल साठवायची सोय म्हणून ती सुरू झाली आणि आता देशभरच्या घरपोच मालाचा साठा तिथे असतो. कामवारी नदीचे काय झाले आहे ते पुलावरून जाणाऱ्याला सांगावे लागत नाही. शाश्वत विकासाचे पुस्तक या सगळ्याची नोंद पाणी, हवा आणि जमीन अशी घेईल, आणि ते बरोबरच आहे. पण उद्योग संपताना ज्यांनी तो चालवला त्यांच्या नावे एक ओळसुद्धा मागे राहत नाही, हे त्या पुस्तकात कोणत्या प्रकरणात येणार?

भिवंडीच्या कामगाराची पहिली मोठी यादी झाली ती २०२० साली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, माग थांबले, मुकादमांचे फोन बंद झाले. काही दिवस बिस्सीने, म्हणजे ज्या खानावळींत हे कामगार महिन्याच्या हिशेबाने जेवतात त्यांनी, उधारीवर जेवू घातले. मग त्यांचीही चूल थंडावली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ सालचा कायदा तेव्हा होता, त्यात नोंदणी होती, प्रवासभत्ता होता. पण तो ठेकेदारामार्फत आणलेल्या पाच वा अधिक कामगारांसाठी. इथला माणूस चुलतभावाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने येतो. ठेकेदार नाही म्हणून कायदा नाही. मेच्या पहिल्या दिवसांत भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरसाठी श्रमिक गाडी सुटली. त्या गाड्यांसाठी पोलीस ठाण्यांत अर्ज भरून घेतले गेले : नाव, गाव, आधार, फोन, इथला पत्ता. जे काम कामगार खात्याकडून सत्तर वर्षांत झाले नाही ते काही आठवड्यांत झाले. फक्त ती यादी त्याला इथून नेण्यासाठी होती.

त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत लहान मुले बरीच. इमारत धोकादायक असल्याची नोटीस महापालिकेने दिली होती असे तेव्हा सांगण्यात आले. दिलीही असेल. महापालिकेच्या वहीत इमारत होती, मालक होता, नोटिशीचा क्रमांक होता. भाड्याने राहणारा विणकर त्या वहीत नव्हता, आणि घर सोड असे सांगताना कुठे जायचे हे सांगायला कोणी बांधील नव्हते. पुढे एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्याला खाली गोदाम व वर बिऱ्हाडे अशी इमारत पडली, आठ माणसे गेली. बांगलादेशात २०१३ साली राणा प्लाझा कोसळून अकराशेंहून अधिक कामगार मेले तेव्हा ढिगाऱ्यातून युरोप-अमेरिकेतल्या दुकानांची लेबले निघाली, आणि त्या लेबलांच्या आधारे जगभरच्या संघटनांनी कंपन्यांना इमारतींच्या सुरक्षिततेच्या करारावर सह्या करायला लावले. भिवंडीचे कापड कोरे असते. ते पुढे रंगायला बाहेरगावी जाते आणि दुसऱ्याच्या नावाने बाजारात येते. इथल्या ढिगाऱ्यातून लेबल निघत नाही.

मग भिवंडीत चांगला कारभार कधी झालाच नाही काय? झाला, आणि त्याची आठवण ठेवली पाहिजे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने इथे भीषण दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बांधल्या. नेहमीच्या शांतता समितीसारख्या चार पुढाऱ्यांच्या नव्हे. दोन्ही धर्मांची साधी माणसे एका जागी नियमाने बसतील, एकमेकांची भांडणे सोडवतील अशा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. यात यंत्र नवे नव्हते, खाजगी कंपनी नव्हती, कर्ज नव्हते. होती ती एक वही, ज्यात माणसांची नावे होती, आणि ती नावे घेऊन हाक मारली तर माणूस येत होता. सुशासनाचे दाखले शोधणाऱ्यांनी भिवंडीत हा दाखला आधी पाहावा असे मला वाटते. (तो एका अधिकाऱ्याच्या चिकाटीवर उभा होता आणि अधिकारी बदलतात, ही त्याची मर्यादाही ध्यानात ठेवून.)

आणि कामगाराच्या बाबतीत असे काही करता येते काय, तर महाराष्ट्रातच ते झालेले आहे. १९६९ चा माथाडी कायदा पाहा. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाला कायम मालक नसतो. आज या दुकानात, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या या कायद्याने 'एका छपराखाली किती माणसे' हा प्रश्नच बाजूला सारला. मालक मंडळात नोंदवला जातो, हमालांची टोळी मंडळात नोंदवली जाते. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळ पगार, निधी, बोनस, रजेचे पैसे कामगाराला देणार. या मंडळांतही भ्रष्टाचार शिरला, बोगस टोळ्या शिरल्या, हे आपल्याला माहीत आहे. तरी विणकराकडे नाही अशी एक वस्तू हमालाकडे आहे : त्याचे खाते. विडी कामगारांसाठीही १९७६ पासून विडीवर उपकर होता, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर गेला, त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

यंत्रमाग कामगारांसाठी असे मंडळ हवे ही मागणी जुनी आहे. तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की एवढ्या विखुरलेल्या शेडमधून पैसे गोळा कसे करणार? हा आक्षेप २००७ नंतर उरला नाही. भिवंडीतली प्रत्येक शेड दर महिन्याला एका बिलात येते. त्या बिलातून राज्य सरकार स्वतःचे विद्युत शुल्क आजही वसूल करते. कंपनी ते गोळा करून सरकारजमा करते. त्याच बिलात युनिटमागे काही पैशांचा कामगार निधी धरला तर नवा वसुली अधिकारी लागत नाही. आणि विजेची सवलत ही जनतेच्या पैशातून दिली जाते. ती घेणाऱ्याने आपल्या मीटरवर कोण राबतो त्याची यादी द्यावी, एवढी अट घालणे अन्यायाचे नाही. एका आवारातल्या तीन मीटरांचे पत्ते कंपनीच्या संगणकात एकाखाली एक असणारच. चोरी शोधताना ते एकत्र पाहता येतात, तर कामगार मोजतानाही पाहता येतील.

यात लहान मालकाचा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. आठ माग असलेला, स्वतःच जॉबरचे काम करणारा, व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर विणून देणारा माणूस भिवंडीत पुष्कळ आहे, आणि तो अर्धा कामगारच आहे. निधीचा भार त्याच्यावर टाकून कापडबाजारातला व्यापारी मोकळा सुटला तर ते मंडळ दुसऱ्या दिवशी मोडेल. ज्याचे सूत त्याची लेव्ही, हे तत्त्व ठरले पाहिजे. सूत देणाऱ्याचे नावही कराच्या कागदांत असतेच.

२०२१ पासून ई-श्रम कार्डे निघाली. माझ्या वर्गातल्या बहुतेकांकडे ती आहेत, पिशवीत जपून ठेवलेली. कार्डावर नाव आहे, गाव आहे, धंदा आहे, लांबलचक क्रमांक आहे. मालक नाही. म्हणजे असा कामगार, जो कोणाचाच नोकर नाही. त्या कार्डाशी विजेचा ग्राहक क्रमांक जोडा, एवढेच आमचे म्हणणे आहे. भिवंडीचा वीजकरार जानेवारी २०२७ पर्यंतचा आहे. तो वाढो, दुसऱ्याकडे जावो की महावितरणकडे परत येवो, नव्याने कागद लिहिला जाणार आहे. तो लिहिताना ग्राहकांच्या बाजूने मालक बोलतील, कंपनीच्या बाजूने कंपनी बोलेल. तिसरी बाजू त्या खोलीत जाईल की नाही हे कार्यकर्त्यांनी आतापासून पाहिले पाहिजे.

तोवर वर्गात आम्ही एक साधे काम धरले आहे. प्रत्येकाने दोनशे पानी वही घालायची. तारीख, पाळी, मागांची संख्या, कापडाचे मीटर, मिळालेली रक्कम, वीज किती वेळ नव्हती. ज्याला लिहिता येत नाही त्याचे शेजारच्याने लिहायचे. चार महिन्यांत तिघेजण स्वतः लिहू लागले. पहिल्या पानावर शेडमधल्या भिंतीवरचा मीटरचा क्रमांक उतरवून आणायचा. डोळ्याखाली व्रण असलेल्या त्या कामगाराने पहिल्याच आठवड्यात वही आणून दाखवली. त्याने तिन्ही क्रमांक लिहिले होते.